शिक्कामोर्तब

आमच्या घरात कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. द्यायला काही नसेल तर चमचाभर साखर घालतात, साखरही नसेल तर डबाच परत करत नाहीत. या नियमापायी पुण्याच्या आमच्या सोसायटीत एक स्टीलचा डबा गेली एकवीस वर्षं आमच्या आणि समोरच्या घरात ये-जा करतो आहे. तो मुळात कुणाचा, हे आता दोन्ही घरांत कुणालाच आठवत नाही.

२०२४च्या ऑगस्टअखेर आम्ही उभयता लेकीकडे न्यू जर्सीत, एडिसनला गेलो, तेव्हा गोडा मसाला आणि मेतकुटाबरोबर हा नियमही हिने बॅगेतून नेला. गणपती बसले, मोदक झाले, त्यातले अकरा डब्यातून शेजारच्या बाईंकडे गेले. बाई माझ्याच वयाच्या, एकट्या राहणाऱ्या, पणजी आयर्लंडहून बोटीने आलेली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात डबा परत आला. आत भोपळ्याचा ब्रेड होता आणि ब्रेडवर एक कार्ड. जांभळं आकाश, पिवळा चंद्र, टेकडीवर वाकडा वाडा. कडेची कागदी पट्टी ओढली की वाड्याच्या खिडकीतून भूत वर यायचं, सोडली की खाली जायचं. हॅलोविनचं कार्ड.

"बाबा, हे विकतचं नाहीये," लेक म्हणाली. "त्यांनी हाताने केलंय."

हिने ब्रेडकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. "ब्रेडचं मी बघते. दिवाळीचा फराळ देईन. कार्डाचं तुम्ही बघा."

इथे कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता, किंवा दुकानातून पाच डॉलरचं कार्ड आणून मोकळा झाला असता. पण कार्डाच्या मागे लेकीने वाचून दाखवलं त्याप्रमाणे सगळं काम ठसे, शाई आणि डाय यांचं होतं. आणि ठसा म्हटलं की माझी छाती फुगते. मी बँकेत ३४ वर्षं शिक्के मारले आहेत. क्लिअरिंगचा, ट्रान्सफरचा, तारखेचा, शाखेचा गोल. डाव्या हाताने व्हाउचर सरकवायचं, उजव्याने पॅडवर एक, कागदावर एक. ठप ठप, ठप ठप. माझ्या काउंटरचा आवाज बाहेर रिक्षा स्टँडपर्यंत जायचा असं लोक सांगत. शिवाय शाळेत असताना पिंपळाचं पान कागदावर ठेवून, कंगव्यावर टूथब्रश घासून दिवाळीची भेटकार्डं मी केलेली होती. भेंडी कापून फुलं उठवली होती. पात्रतेच्या बाबतीत मला काहीच कमी दिसेना.

"एका संध्याकाळचं काम," मी म्हणालो. नात तेव्हा आठ वर्षांची होती. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने बँकेत ऑडिटर पाहत असत.

आधी हा सण समजून घ्यावा म्हणून मी बाईंकडे गेलो. त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं की मुळात हा जुन्या केल्टिक लोकांचा सण. सुगी संपते, हिवाळा सुरू होतो, आणि त्या रात्री मेलेल्यांच्या आणि जिवंतांच्या जगामधलं दार किलकिलं होतं. त्या सणाचं नाव त्यांनी घेतलं ते मला 'सावन' असं ऐकू आलं, त्यामुळे पहिली पाच मिनिटं मी श्रावणाबद्दल बोलत होतो आणि त्या भुतांबद्दल. आयर्लंडात लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. अमेरिकेत आल्यावर भोपळा सापडला, तो मोठाही आणि कोरायला सोपाही. घरी येऊन मी हे हिला सांगितलं. "म्हणजे सर्वपित्रीच की," ही म्हणाली. "फक्त आपण त्यांना जेवायला वाढतो आणि हे त्यांची सोंगं घेऊन स्वतःच गोळ्या गोळा करतात." सर्वपित्री अमावास्या नुकतीच, २ तारखेला झाली होती, त्यामुळे हा विषय तिच्या ताज्या अभ्यासातला होता.

बाईंनी जाता जाता आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती दाखवली नसती तर बरं झालं असतं. त्यांच्या दारातल्या टेबलावर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची हॅलोविनची पोस्टकार्डं ओळीने मांडलेली होती. गेल्या शतकाच्या पहिल्या पंधराएक वर्षांत अमेरिकेत अशा कार्डांचं वेडच होतं. बरीचशी जर्मनीत छापून यायची, पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तो ओघ आटला. त्यातली काही एलन क्लॅपसॅडल या चित्रकर्तीची होती: गोबऱ्या गालांची मुलं, हातात भोपळ्याचा कंदील, आणि रंग असे की कालच वाळलेत. "तुमचं कार्ड आलं की इथे ठेवीन," बाई म्हणाल्या. म्हणजे हिने फोनवर आधीच कळवून टाकलं होतं.

हस्तकलेच्या दुकानात लेकीने मला आणि नातीला सोडलं. दुकान आपल्या नाट्यगृहाएवढं. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, तरी दाराशी नाताळची झाडं उभी होती आणि हॅलोविन मागच्या भिंतीला, सवलतीच्या फळ्यांवर जाऊन बसला होता. आपल्याकडे दसऱ्याला छत्र्या बसतात तसा. शाईच्या रांगेत मी पाऊण तास हरवलो. बँकेत शाई म्हणजे जांभळी. इथे प्रत्येक डबीला नाव. 'कार्व्ह्ड पम्पकिन', कोरलेला भोपळा, हे कळलं. 'ब्लॅक सूट', काजळी, हेही कळलं. पण 'रस्टी हिंज'? गंजकी बिजागरी हा रंग माणूस विकत कशाला घेईल? 'विल्टेड व्हायोलेट' म्हणजे कोमेजलेलं फूल, आणि 'सीडलेस प्रिझर्व्हज' म्हणजे बिया काढलेला मुरांबा. मी मुरांबा घेतला. ठसे पारदर्शक प्लॅस्टिकचे निघाले, दांडा नाहीच. ते एका काचेसारख्या ठोकळ्यावर चिकटवायचे. मला दांडा नसलेला शिक्का हा मुळातच अविश्वासार्ह वाटला. 

कार्डाचं माप सव्वाचार बाय साडेपाच इंच, म्हणजे इथल्या टाइपच्या कागदाचा अर्धा भाग घेऊन मधोमध दुमडायचा. घडी धारदार यावी म्हणून एक पट्टी मिळते. माझी अस्सल हाडाची होती, हे मला ती पट्टी दोन दिवस वापरून झाल्यावर नातीने सांगितलं. हिला अजून सांगितलेलं नाही.

पहिल्या संध्याकाळी डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र अंथरून बसलो. ठोकळ्याला भुताचा ठसा चिकटवला, काळ्या पॅडवर एक, कागदावर एक. ठप! टेबलावरचं मिठाचं भांडं उडालं. कागदावर भूत उठलं, पण त्याला दोन डोकी आणि चार डोळे, आणि भोवताली ठोकळ्याच्या कडांची चौकट, जणू बिचाऱ्याला कुणी लिफ्टमध्ये कोंडलंय.

"आबा, मारायचं नाही," नात म्हणाली. "दाबायचं. हळू. मग सरळ वर उचलायचं."

"किती वेळ दाबायचं?"

"श्वास घेऊन सोडेपर्यंत."

३४ वर्षांत मला कुणी शिक्का मारताना श्वास घ्यायला सांगितलं नव्हतं. आमच्याकडे श्वास जेवणाच्या सुट्टीत घ्यायचा. मी प्रयत्न केला. पण मनगट ऐकेना. ते जन्मभर एकच काम शिकलं होतं. हळू खाली नेत नेत शेवटच्या अर्ध्या इंचाला ते आपोआप वेग घ्यायचं. ठप. ठप. सतरा भुतं झाली. काहींना पाय आले, काहींचं तोंड पुसून गेलं, एक हुबेहूब आमच्या जुन्या रिजनल मॅनेजरसारखं दिसत होतं, ते मी जपून ठेवलं. अठरावं बरं आलं. म्हणून मी ते अल्कोहोलच्या मार्करने रंगवायला घेतलं, आणि पहिल्याच फटकाऱ्यासरशी काळ्या रेघा वितळून गालांवरून ओघळल्या. प्रत्येक शाईचं प्रत्येक मार्करशी जमत नाही. त्या मार्करच्या अल्कोहोलात न विरघळणारी काळी शाई वेगळी मिळते. पत्रिका न जुळवता लग्न लावल्यासारखं झालं होतं.

आकाशाबद्दल मी फार बोलणार नाही. गोल कागद चिकटवून चंद्र झाकायचा, बाहेर पिवळा, मग नारिंगी, मग मुरांबा ब्रशने गोल गोल घासत न्यायचा. नारिंगी आणि जांभळा एकमेकांवर फार घासले की त्यांची आमटी होते. माझी झाली. शिवाय झाकणारा कागद मध्येच सरकला, त्यामुळे कागद काढल्यावर खंडग्रास ग्रहण निघालं. ते तसंच ठेवलं. भुतांच्या रात्री ग्रहण असलं तर शोभतंच, आणि ग्रहणात कार्ड करणं शास्त्राने निषिद्ध मानलेलं नाही.

खरा प्रसंग पावडरीचा. कोळ्याचं जाळं पांढरं, फुगीर, चकचकीत यावं अशी माझी महत्त्वाकांक्षा होती. त्याची रीत अशी: चिकट, रंगहीन शाईने ठसा उठवायचा, त्यावर बारीक पावडर भुरभुरायची, जादाची झटकून टाकायची, आणि जी शाईला चिकटली ती गरम हवेने वितळवायची. ती वितळते, एकजीव होते, आणि रेघ नक्षीसारखी वर उठते. गरम हवेसाठी लागते हीट गन. ती २५ डॉलरची. मी म्हटलं, लेकीचा केस वाळवायचा ड्रायर काय वाईट?

त्या ऑक्टोबरात न्यू जर्सीत पाऊस जवळजवळ पडलाच नाही. हवा इतकी कोरडी की स्वेटर काढताना ठिणग्या उडायच्या. अशा हवेत पावडर शाई असो नसो, कागदाला सगळीकडे चिकटते. म्हणून आधी कागदावरून एक खास पुरचुंडी फिरवून घ्यायची असते. ती मी अनावश्यक खर्च म्हणून दुकानात परत ठेवली होती. त्यामुळे माझं जाळं म्हणजे जाळं कमी आणि पहाटेचं धुकं जास्त, असं दिसत होतं. वितळल्यावर उठून दिसेल, असं म्हणत मी ड्रायर लावला.

हीट गन थोडी हवा फार गरम करते. ड्रायर पुष्कळ हवा थोडी गरम करतो. हा फरक मला आता कायमचा कळला आहे. पावडर क्षणात कागदावरून उठली, टेबलावरून गेली, दिव्याच्या उजेडात सुंदर चमकली, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ही भाजणीच्या चकल्या निवत घालत होती, त्या परातीवर अलगद उतरली. ती पावडर म्हणजे प्लॅस्टिक. चकल्या टाकून द्याव्या लागल्या. दोन तासांचं तळण.

ही काही बोलली नाही. भाजणीचा डबा पुन्हा काढला, सोऱ्या घेतला आणि पीठ मळायला बसली. त्या शांततेपुढे हॅलोविनमधलं काहीही टिकलं नसतं. दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने २५ डॉलर मोजून हीट गन आणली, गच्चीसारख्या त्या मागच्या डेकवर बसायच्या ऐवजी पुन्हा घरातच लावली, आणि घरातला धुराचा भोंगा वाजवला. जावई धावत आले. "फोडणी का?" त्यांनी विचारलं. "नाही, कोळी," मी म्हणालो.

डायबद्दल मात्र माझा अंदाज चुकला नाही. डाय म्हणजे पातळ पोलादी कड असलेला साचा. आपल्या करंजीच्या कातण्याचा शिकलेला चुलतभाऊ. दोन प्लॅस्टिकच्या पाट्यांमध्ये कागद आणि साचा ठेवून हात-यंत्राच्या रुळांतून फिरवायचं. यंत्र पाहून मला थेट रसवंतीगृह आठवलं, घुंगरं तेवढी नव्हती. दांडा फिरवायला लागलो तेव्हा कडकड असा आवाज आला. मला वाटलं, मोडलं. नात म्हणाली, तसाच येतो. मग मी रंगात आलो. वटवाघळांचा साचा दुसऱ्या खोलीत राहिला होता, म्हणून हाक मारली, "अगं, माझा डाय आण गं!" ही आली आणि तिने माझ्यासमोर केसांच्या कलपाचा खोका ठेवला. काळी भुतं आणायला निघालेला माणूस स्वतःचे केसही काळे करणार, यात तिला काही विसंगत वाटलं नसावं.

वटवाघळं नऊ काढायची होती. पहिल्या खेपेला धारेची बाजू कागदाकडे नव्हे, उलटी ठेवली; पाटीवर नऊ सुबक वटवाघळं कोरली गेली आणि कागद जसाच्या तसा. दुसऱ्या खेपेला कागद कापला गेला पण तो साच्यातच अडकून बसला. साच्याला मागून बारीक भोकं असतात, त्यातून टोचून तुकडे बाहेर काढायचे. टोचण्याचं हत्यार आणलं नव्हतं. हिने न बोलता बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली. चकल्यांनंतर आमच्यात झालेला तो पहिला व्यवहार. नऊपैकी सात वटवाघळं पंखांसकट निघाली. 

एवढं होऊन कार्ड पाहिलं, आणि लक्षात आलं की ते मुळीच भीतिदायक नाही. ग्रहण, आमटी, धुकं आणि मधोमध गुबगुबीत हसरं भूत. साखरपुड्याला आलेला लांबचा भाचा असावा तसं. या लोकांची भुतंच अशी, चादर पांघरून हसणारी. आमच्याकडे काय एकेक हुद्दे आहेत: पिंपळावर मुंजा, पाण्यात गिऱ्हा, वाटेवर चकवा, कोकणात देवचार, शिवाय खवीस, हडळ, ब्रह्मसमंध, आणि या सगळ्यांवर वेताळ. बँकेच्या ऑफिसर केडरमध्येसुद्धा इतकी उतरंड नाही. मला वाटलं, निदान शब्द तरी आपला असावा. ते लोक घाबरवायला 'बू' म्हणतात. आपण दाराआडून 'भॉ' करतो. 'भॉ'मध्ये जो दचका आहे तो 'बू'त नाही. बू म्हणजे बाळाला घास भरवताना काढायचा आवाज.

'भॉ'चा ठसा जगात कुठे विकत मिळत नसणार. म्हणून नातीचं मोठं खोडरबर घेतलं, लेकीची कटर घेतली आणि रात्री साडेअकरापर्यंत बसून कोरलं. भ ची गाठ, काना, डोक्यावरचा चंद्र, पुढे उद्गारचिन्ह. वळण असं आलं की मी ते रबर दिव्याखाली धरून बराच वेळ पाहत राहिलो. मग शाई लावली. श्वास घेतला, सोडला. सरळ वर उचललं.

उलटं. काना डावीकडे, उद्गारचिन्ह सगळ्यात आधी.

रबरावरची अक्षरं उलटी असतात म्हणून कागदावर सुलटी येतात. हे मी ३४ वर्षं, सुट्ट्या वगळून, रोज डोळ्यांनी पाहिलं होतं. शिक्के पुसताना ती उलटी अक्षरं वाचायची मला इतकी सवय होती की नवीन शिपायांसमोर मी ते करून दाखवत असे. तरीही. मी खोडरबराची मागची बाजू घेतली आणि पुन्हा कोरायला बसलो. रात्रीचा दीड वाजला. दुसऱ्या बाजूलाही सुलटंच कोरलं होतं.

खोडरबर संपलं. दुसऱ्या दिवशी २९ तारीख, धनत्रयोदशी. हिशेब केला: यंत्रापासून खोडरबरापर्यंत १९३ डॉलर. डॉलर तेव्हा ८४ रुपयांचा, म्हणजे १६,२१२ रुपये, एका कार्डाला, चकल्या वेगळ्या. बँकेत असतो तर मी हे कर्ज बुडीत खात्यात टाकलं असतं. कार्डाच्या आतल्या पानावर तो उलटा भॉ तसाच ठेवला आणि डब्यावर कार्ड ठेवून बाईंकडे गेलो.

बाईंनी कार्ड फार वेळ पाहिलं. ग्रहणावरून बोट फिरवलं. मग आत उघडलं. "हे काय लिहिलंय? तुमची लिपी?"

आता सांगायचं की हा 'भॉ' आहे आणि उलटा आहे, एवढंच. पण मागे ही उभी होती. "जुनी लिपी," मी म्हणालो. "भुतांना लांब ठेवते." बाईंनी गंभीरपणे मान हलवली. पोस्टकार्डांच्या रांगेत मधोमध जागा केली आणि कार्ड आतलं पान दिसेल असं उघडून उभं केलं. घरी परतेपर्यंत ही माझ्याशी एकच वाक्य बोलली. "एवढी जुनी लिपी तुम्हाला कुणी शिकवली?"

३१ तारखेला घोळच होता. पुण्याहून आणलेल्या कॅलेंडरात लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, पण अमावास्या न्यू जर्सीच्या वेळेने ३१च्या सकाळीच लागत होती, म्हणून तिथे पूजा त्याच संध्याकाळी. म्हणजे हॅलोविनलाच. लक्ष्मी यावी म्हणून दार सताड उघडं ठेवलं, आणि त्या दारातून दर दोन मिनिटांनी सांगाडे, चेटकिणी आणि एक भलंमोठं केळं येऊन गोळ्या मागत होते. त्यांच्या आयांना रांगोळी ओलांडू नका हे सांगायचं काम माझ्याकडे होतं. ऑक्टोबरअखेर असूनही उकडत होतं. वटवाघूळ झालेली आमची नात पंखांनीच वारा घेत होती.

पूजा झाल्यावर तिला घेऊन आम्ही दोघं बाईंकडे गेलो. बाईंनी आत बोलावलं आणि डबा आणायला स्वयंपाकघरात गेल्या. नात टेबलापाशी उभी राहिली. ती रविवारी तिथल्या मराठी शाळेत जाते. अक्षरं येतात, पण एकेक करून. टेबलाच्या समोरच्या भिंतीवर एक उभा आरसा होता, तो मी आधी पाहिलाच नव्हता. नात कार्डाकडे बघत नव्हती, आरशात बघत होती.

"भ," ती म्हणाली. "भ ला काना. वर चंद्र."

"चल, आता निघायचं," मी म्हणालो.

बाई डबा घेऊन आल्या.

"भॉ!" नात पंख पसरून ओरडली.

बाई अशा दचकल्या की डबा हातातून सुटला, झाकण उडालं आणि पिवळ्या-नारिंगी कँडी कॉर्नचे दाणे खोलीभर, थेट जिन्यापर्यंत घरंगळत गेले. बाई छातीवर हात ठेवून हसत होत्या आणि मला विचारत होत्या की मंत्र असा मोठ्याने म्हणायचा असतो का. ही तोवर खाली वाकून दाणे वेचायला लागली होती.

"अहो," ती वर न बघता मला म्हणाली, "भरलेलाच देत होत्या हो डबा."